अनोळखी गिऱ्हाइके

आमच्या स्वयंपाकघरात सकाळचा उजेड सरळ येत नाही. सूर्य आधी समोरच्या इमारतीच्या पिवळट भिंतीवर चढतो, तिथे थोडा वेळ टेकतो, आणि त्या भिंतीला नकोसा झालेला तेवढाच उजेड आमच्या खिडकीतून आत येतो. उसना असल्यामुळे असेल, पण तो फार जपून वागतो. आधी ओट्यावरच्या पातेल्याच्या काठाला एक बारीक रेघ चिकटते. पुष्कळ वेळ तेवढेच. मग ती रेघ रुंद होते, ओट्यावरून खाली सांडते आणि टेबलाच्या कडेला येऊन थबकते, जणू आत येऊ का म्हणून विचारते आहे. टेबलावरच्या आवरणावर कपांनी वर्षानुवर्षे उमटवलेली वर्तुळे दिसू लागतात. एकात एक अडकलेली, फिकट. खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला रुमाल उजळतो. वरच्या मजल्यावर कुणी स्टूल सरकवते, कुठेतरी नळ सुरू होतो, आणि उजेड तेवढ्यात आणखी बोटभर पुढे आलेला असतो. तो सरकताना मात्र कधी दिसत नाही. मला हा वेळ आवडतो, कारण या वेळात कुणी कुणाला काही विचारत नाही. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि तिसऱ्या बाजूला आई गेल्यापासून रिकामी राहिलेली खुर्ची. उजेड शेवटी तिच्यावर जाऊन बसतो.

त्या दिवशी तो बाबांच्या शर्टावरही पडला होता, आणि शर्ट इस्त्रीचा होता. बाबा बॅगा दुरुस्त करतात. चेन, चाके, हँडल, उसवलेले अस्तर. संध्याकाळी मेण आणि काळा रंग अंगावर घेऊन यायचे, त्यासाठी कुणी कपड्यांना इस्त्री करत नाही. कुठे जायचे आहे का, असे मी विचारले. थोडे काम आहे, तू नीघ, तुला उशीर होईल, असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दाबून ठेवलेला आनंद होता. मला तो ओळखू आला आणि उगाचच भीती वाटली.

मी एका बँकेत नोकरी करतो. आमच्या बँकेत एक जुनी पद्धत आहे: मुदत ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर खातेदाराने आधी सल्ल्याच्या टेबलापाशी बसायचे. त्या टेबलामागे मी असतो. नाव सल्ल्याचे असले तरी सल्ला द्यायचा नाही, फक्त ठरलेले काही प्रश्न विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला हे काम का दिले, असे सुरुवातीला सगळ्यांना वाटले होते. पण गप्प बसणे मला जमते, आणि गप्प बसणाऱ्यासमोर माणसे स्वतःशी खरे बोलू लागतात. मुलाच्या मोटारसायकलसाठी ठेव मोडायला आलेली बाई दोन प्रश्नांतच म्हणाली की मुलाने गाडी मागितलेलीच नाही, शेजारणीच्या मुलाने घेतली आहे. ठेव मोडून भलामोठा फ्रिज घ्यायला निघालेले एक नवे जोडपे माझ्यासमोरच भांडले, आणि लहान फ्रिज ठरवून हसत गेले. उत्पन्न कमी असल्यामुळे बुडालेली माणसे मी पाहिली आहेत, पण त्याहून जास्त पाहिली आहेत ती एखाद्या खर्चाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायचे टाळणारी. असा खर्च घरात पाहुण्यासारखा येतो आणि बिऱ्हाड करतो.

माझ्याकडेही असा एक पाहुणा होता. महिन्याच्या मांडणीत मी त्याला ‘किरकोळ’ म्हणत असे.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी बाबांच्या दुकानावरून चाललो होतो. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक चिंचोळी जागा. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल, भिंतीला लटकलेल्या चेनच्या माळा. बाबा वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होते. पान संपले तेव्हा त्यांनी ते उलटले नाही. पुन्हा वरून वाचायला घेतले. त्यांच्यासमोर फळीवर दुरुस्तीची एकही बॅग नव्हती. जेवताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, तर आज जरा मंदीच होती असे ते म्हणाले, आणि भाजी माझ्याकडे सरकवली. तो ‘आज’ कितवा होता हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतल्या कॅशियरला गाठले. सगळे त्याला चिंगूस म्हणतात, आणि त्यालाही ते मान्य आहे. टाचणी वाकली तरी सरळ करून वापरणारा माणूस. त्याच्याकडे चेन तुटलेली निळी बॅग होती. ती दुरुस्त करून आण, पैसे मी देतो, फक्त माझे नाव काढू नकोस, असे मी त्याला म्हणालो. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग जाता-येताचा चहा कुणाच्या खिशातून, एवढेच त्याने विचारले.

त्या रात्री बाबा जेवताना बोलले. चेनचा अमुक मापाचा रनर कुठेच मिळत नव्हता, शेवटी जुन्या डब्यात सापडला, असे काहीतरी. क्षुल्लकच, पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या दिवसात सांगण्यासारखे काही घडले होते. मला वाटले, इतक्या थोड्या पैशांत इतके मिळत असेल, तर याला खर्च कसे म्हणायचे?

मग ती सवय झाली. काउंटरवरच्या दोघी मुली गेल्या, पहारेकरी साध्या कपड्यांत गेला, त्याचा म्हातारा सासरा गेला. सगळ्यांच्या घरच्या मोडक्या बॅगा संपल्या तेव्हा मी जुन्या बाजारातून विकत आणू लागलो. तिथे मोडक्या बॅगा नेहमी मिळत नाहीत. एका रविवारी मी गच्चीवर बसून एका धडधाकट बॅगेचे चाक पक्कडीने उपटून काढले. ते निघता निघेना, आणि घाम पुसताना मला स्वतःचे हसू आले नाही. एक भान मी ठेवले होते: कुणी घासाघीस केली नाही तर बाबांना संशय येईल. म्हणून मी प्रत्येकाला थोडी घासाघीस करायला सांगे. चिंगूसने ती इतकी मनापासून केली की बाबांनी वैतागून निम्मे पैसे घेतले. उरलेले निम्मे मी परत मागितले, तर तो म्हणाला, “अरे वा. घाम मी गाळायचा आणि बचत तुझी?”

दुरुस्त झालेल्या बॅगा कुणी घरी नेल्या नाहीत. त्या बँकेच्या कागदपत्रांच्या खोलीत, कपाटामागे साठत गेल्या. मॅनेजरबाईंनी एकदा विचारले की सगळा स्टाफ एकदमच कुठे निघाला आहे का. माझ्या खात्यात मात्र महिन्याच्या शेवटी काही साठेनासे झाले. लोकांना मी सांगे की आधी बाजूला काढा आणि उरेल ते खर्च करा. मी स्वतः आधी खर्च करत होतो, आणि उरत काहीच नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, हे मला कळत होते. पण बाबा पुन्हा जेवताना बोलत होते.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी मान वर केली तेव्हा समोरच्या बाकावर, हातात टोकन घेऊन, इस्त्रीच्या शर्टात बाबा बसले होते. ते बँकेत कधी येत नसत. त्यांची सगळी कामे मीच करत असे. केस पाण्याने बसवले होते आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवीची पावती होती. मी उठून जवळ गेलो, तर त्यांनी हातानेच मला परत बसायला सांगितले. त्यांच्या पुढे अजून एक जण होता. नंबर आल्यावरच ते आले.

मी म्हणालो की घरच्या माणसाचे काम मी करणे बरे नाही, दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. मॅनेजरबाईंनी ते ऐकले. दुसरा माणूस रजेवर आहे, आणि प्रश्न तर सगळ्यांना सारखेच असतात, तुमचे बाबा काय वेगळी उत्तरे देणार आहेत, असे त्या हसून म्हणाल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. सगळेच खातेदार तसे बसतात. “घरी तू मुलगा असतोस,” ते म्हणाले. “काही बोललो की नको-नको म्हणशील. मला साहेबाचं मत हवंय. विचार, काय विचारायचं ते.”

मी विचारले, आणि ते सांगू लागले. चौकात एक जागा रिकामी होते आहे. काचेची दर्शनी बाजू, आत माणसाला सरळ उभे राहता येईल एवढी उंची, पाच वर्षांचा करार. मालकाला सगळी रक्कम आधी हवी आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर औषधांचा दुकानदार टपूनच बसला आहे. सासरी असलेल्या माझ्या ताईला त्यांनी फोनवर सांगितले होते. तिने एवढेच म्हटले होते की बाबा, एकदा त्याला विचारा, तो पैशांतला माणूस आहे. रक्कम किती हे त्यांनी सांगितले तेव्हा मला पावती पाहायची गरज उरली नाही. ती सगळी ठेव होती. आईच्या विम्याचे पैसे, आणि त्याआधी दोघांनी चार-चार पैसे करून गाठीला बांधलेले. त्यापलीकडे बाबांकडे काही नव्हते.

मी पुढचा प्रश्न विचारला: नवा खर्च आज मिळणाऱ्या उत्पन्नातून झेपणार आहे, की पुढे वाढेल या भरवशावर?

“वाढेल कशाला, वाढलंय,” बाबा म्हणाले. “गेल्या वर्षी बंद करायच्याच बेतात होतो मी. तुला बोललो नाही. आणि मग काय झालं कोण जाणे, एकेक करून माणसं यायला लागली. लोकांना पुन्हा दुरुस्तीची किंमत कळायला लागलीय बघ.”

पुढचा प्रश्न मी हजार वेळा विचारला असेन. छोटा धंदा करणारा प्रत्येक जण त्यापाशी जरा अडखळतो, कारण प्रत्येकाला मेव्हणे असतात, मित्र असतात, भीड असते. “या गिऱ्हाइकांत ओळखीचे किती?”

बाबांचा चेहरा उजळला. ते जणू याच प्रश्नाची वाट पाहत होते. “एकही नाही. ओळखीचं माणूस भिडेनं येतं, त्यात काय मोठं? हे सगळे अनोळखी. म्हणून तर हिंमत केली.”

नियमाप्रमाणे यानंतर मी गप्प बसायचे असते. मी गप्प बसलो, पण ते गप्प बसणे नेहमीचे नव्हते. मग मी मुदतीआधी मोडल्यावर व्याज किती कापले जाते ते सांगू लागलो. ते त्यांना ठाऊक होते. कागदपत्रांना दोन दिवस लागतात असेही म्हणालो. खरे तर अर्धा तास पुरतो.

“सगळ्यांना असंच टाळतोस का रे?” त्यांनी विचारले. त्यात राग नव्हता. कुतूहल होते.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. काउंटरवरच्या दोघी मुली बाबांना पाहताच आत सटकल्या होत्या, चिंगूस कॅशच्या काचेमागे इतका वेळ खाली वाकून बसला होता, पण नोटा मोजायच्या यंत्रासाठी त्याला सरळ व्हावे लागले. बाबा पाहत राहिले, आणि मग त्यांना हसू फुटले. हे तर आपले गिऱ्हाईक, ते म्हणाले, निळी बॅग, फार चिकट माणूस. ते उठून काचेपाशी गेले आणि बॅग कशी चालली आहे म्हणून त्यांनी विचारले. चिंगूसने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा मी इतका लाल झालेला कधी पाहिला नव्हता. “एक नंबर, काका,” तो म्हणाला. “जन्मभर जाईल.”

बाबा परतले ते दोन्ही हात एकमेकांवर चोळत. बघ, बँकेत बसणाऱ्या माणसालासुद्धा काम पसंत पडते, आता तरी तुझे समाधान झाले की नाही, असे म्हणून त्यांनी पिशवीतून पावती काढली आणि घडी उलगडून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ती उलटवून सही कुठे करायची तेही त्यांनी स्वतःच शोधले. पेन त्यांनी घरूनच आणले होते.

“बाबा,” मी म्हणालो, “ती माणसं मी पाठवली होती.”

त्यांनी पेनाचे टोपण काढले होते. ते त्यांनी सावकाश परत बसवले.

मी सगळे सांगितले. हळू आवाजात, कारण मागे रांग होती. ते मग एकेक आठवून विचारू लागले. पाठीवरची पिशवी घेऊन आलेल्या दोन मुली? मी हो म्हणालो. तो म्हातारा, चाकाला तेल जास्त घाला म्हणणारा? हो. मोठी करडी बॅग, जिचे एक चाक कुणी तरी ओरबाडून काढल्यासारखे होते? मी मान खाली घातली. ते प्रत्येकापाशी थांबत होते, त्या माणसाला दुकानाच्या पायरीवरून परत जाताना बघावे तसे.

“शाळेचं दप्तर घेऊन एक बाई आली होती,” ते शेवटी म्हणाले. “पट्टा तुटलेला.”

“तिला मी ओळखत नाही.”

“म्हणजे ती माझी,” बाबा म्हणाले. मग ते किंचित हसले. “तुझ्या खिशातला पैसा माझ्या गल्ल्यात, आणि मधल्यामध्ये तुमचा तो कॅशियर चहा पिऊन गेला.”

मला माफी मागायची होती. त्यांनी पावतीची जुन्या खुणांवरून घडी घातली, ती पिशवीत ठेवली, पिशवीचे तोंड दोनदा दुमडले. चौकातली जागा औषधवाल्याला जाऊ दे, असे ते म्हणाले. त्या धंद्याला मरण नाही. मग त्यांनी मला विचारले की यात दरमहा किती जात होते. मी सांगितले. बाजूला काही पडते का? मी नाही म्हणालो. ते फक्त मान हलवत राहिले, जसा मी हलवतो, समोरच्याला स्वतःचेच उत्तर ऐकू यावे म्हणून.

मला वाटले, आता ते उठतील. पण ते खुर्चीत जरा मागे सरकून बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच ते पूर्ण टेकून बसले होते.

“पैशाचं एक सोड,” ते म्हणाले. “खरं गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की चार दिवसांनी कटकट करायला येतं. चेन अडकते, टाका टोचतो, काहीतरी. यांच्यातलं एकही परत आलं नाही. मला वाटलं, हात अजून बसलेला आहे.”

मी टेबलावरचे कोरे अर्ज सारखे करू लागलो.

“तुझे प्रश्न संपले असतील तर मी एक विचारतो. जुनी गिऱ्हाइकं का गेली?”

याचे उत्तर आमच्या घरात तयार होते. लोक आता वस्तू टिकवत नाहीत. दुरुस्तीच्या पैशांत नवी बॅग मिळते. मोठी दुकाने, स्वस्त माल. आम्ही दोघे जेवताना ते आलटून-पालटून एकमेकांना देत असू, आणि त्यात पुष्कळ खरेही होते. मी तेच म्हणायला सुरुवात केली.

“ते मुलाचं झालं,” बाबा म्हणाले. “मी साहेबाला विचारतोय.”

कागदपत्रांच्या खोलीत, कपाटामागे, मी त्या बॅगा एकावर एक रचून ठेवत असे. पहिल्या निळ्या बॅगेच्या चेनशेजारची शिवण कडेपासून सुटून आत सरकली होती आणि पुन्हा कडेला आली होती. सुईची काही भोके रिकामी, काही दुहेरी. दोरा हलका असेल, असे मी मनाशी म्हटले होते. दुसऱ्या बॅगेला मी कापडाला दोष दिला, तिसऱ्याला त्या चिंचोळ्या जागेतल्या जुन्या मशीनला. नंतर मी बॅगा ठेवताना दुरुस्त केलेली बाजू भिंतीकडे वळवू लागलो, म्हणजे कुणाला दिसणार नाही. त्या खोलीत माझ्याशिवाय सहसा कुणी जात नसे.

रांगेतला पुढचा माणूस आपल्या टोकनाकडे पाहत होता. बाबा वाट पाहत होते. त्यांना घाई नव्हती. प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचे असते हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

“तुमची शिवण वाकडी येते, बाबा,” मी म्हणालो. “तुम्हाला दिसत नाही.”